ताकदीची गोळी आणि काळजाचं दुखणं

गणपतीच्या दोन-तीन दिवस आधी चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळच्या स्टेशनांवर चाकरमान्यांच्या पिशव्या उतरतात. त्यांत हल्ली आईवडिलांसाठी आणलेली व्हिटॅमिनची बाटली हमखास असते. कुणी मल्टिविटॅमिन आणतं, कुणी फिश ऑइल, कुणाचा भाचा दुबईहून 'हार्ट हेल्थ' असं ठसठशीत लिहिलेला मोठा डबा पाठवतो. घरात वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली असते किंवा आईला बीपी-शुगर असते. काळजीपोटी आणलेली वस्तू असते, म्हणून कुणी विचारत नाही की हे घ्यायचं का, किती, कशाबरोबर. ती बाटली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जाते आणि दुसऱ्या दिवसापासून 'ताकदीची गोळी' म्हणून सुरू होते.

व्हिटॅमिनची गोळी शरीरात ज्याची कमतरता आहे ते भरून काढते. रक्तवाहिनीत साचलेला थर ती काढत नाही, वाढायचाही थांबवत नाही. कमतरता नसताना घेतलेली बहुतेक व्हिटॅमिनं लघवीवाटे निघून जातात. काही मात्र जात नाहीत, ती शरीरात साठतात किंवा चालू औषधांच्या आड येतात. हृदयाच्या रुग्णाला खरा त्रास होतो तो इथे.

हृदयासाठी व्हिटॅमिन, ही कल्पना आली कुठून? व्हिटॅमिन ईचं उदाहरण पाहा. १९९३ साली अमेरिकेतल्या परिचारिकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बायका व्हिटॅमिन ईच्या गोळ्या घेत होत्या त्यांच्यात हृदयविकार सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसला. जगभर हिरव्या-पिवळ्या कॅप्सूलांचा खप वाढला. पण जी बाई स्वतःहून व्हिटॅमिन घेते ती बहुधा सिगरेट ओढत नाही, चालायला जाते, बीपी तपासून घेते. फायदा गोळीचा की त्या राहणीचा, हे अशा अभ्यासातून कळत नाही. ते कळायला चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. तसं केल्यावर, म्हणजे २००० सालच्या 'होप' या चाचणीत, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेऊन हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात, मृत्यू यांपैकी काहीही कमी झालं नाही. त्याच रुग्णांना पुढे आणखी काही वर्षं पाहिलं, तेव्हा २००५ मध्ये दिसलं की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर होणं, थोडं जास्तच झालं.

बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं ते द्रव्य, त्याची गोष्ट याहून वाईट. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर केलेली चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढलेला निघाला. गाजर, भोपळा, हापूस यांतलं बीटा कॅरोटीन निर्धोक आहे. पण विडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाने ते गोळीतून घेऊ नये, हे अगदी सरळ सांगायला हवं. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य कृतिदलाने २०२२ साली स्पष्ट म्हटलं की हृदयविकार किंवा कॅन्सर टाळण्यासाठी व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन घेऊ नयेत. साध्या मल्टिविटॅमिनची चाचणी १४,६४१ पुरुष डॉक्टरांवरच झाली होती. अकरा वर्षांनंतर, २०१२ मध्ये, हार्ट अ‍ॅटॅक आणि पक्षाघाताच्या आकड्यांत काही फरक नव्हता.

आता होमोसिस्टीन, म्हणजे रक्तातलं एक अमिनो आम्ल. लॅबच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये हा आकडा येतो, लाल अक्षरात छापलेला असतो आणि घरात घबराट होते. रक्तात होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो, हे खरं आहे. फोलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२ दिलं की तो आकडा पाव हिश्शाने खाली येतो, हेही खरं. पण २००६ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत आकडा खाली येऊनही हार्ट अ‍ॅटॅक कमी झाले नाहीत. त्यांपैकी नॉर्वेतली चाचणी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांवर होती. चीनमध्ये २०१५ साली बीपीच्या वीस हजार रुग्णांत फोलिक अ‍ॅसिडने पक्षाघात थोडा कमी झाला, ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर, पण तो प्रदेश आहारातच फोलेट (फोलिक अ‍ॅसिडचं अन्नातलं रूप) कमी असलेला होता. म्हणजे पुन्हा मुद्दा कमतरतेचाच. म्हणून होमोसिस्टीन जास्त आलं तर बी-१२ आणि फोलेट तपासा. ते कमी असेल तर भरून काढा आणि त्या आकड्याला पुढे हृदयाशी जोडत बसू नका.

बी-१२ वर थोडं थांबतो, कारण किनाऱ्यावरच्या लोकांचा यात एक गोड गैरसमज असतो: 'आम्ही मासे खातो, आम्हाला काय कमी पडणार?' बांगडा, तारली, पेडवे यांत बी-१२ भरपूर असतं, आणि तिसऱ्या, मुळे या शिंपल्यांत तर त्याहूनही जास्त. रोजची गरज जेमतेम २.२ मायक्रोग्रॅम. आठवड्यातून दोन-तीनदा मासळी खाणाऱ्याला एरवी गोळीची गरज पडू नये. श्रावण पाळल्याने किंवा १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्यानेही काही बिघडत नाही, कारण यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो.

गणित बिघडतं ते तिघांचं. पहिले, गळ्यात माळ घातल्यापासून पंधरा-वीस वर्षं मासे सोडलेले. दुसरे, शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे. हे औषध आतड्यातून बी-१२ नीट आत शिरू देत नाही, आणि डोस व वर्षं जितकी जास्त तितकी अडवणूक जास्त. तिसरे, सकाळी उपाशीपोटी 'गॅसची गोळी' (पँटोप्राझोल, ओमेप्राझोल) कायमची लावून घेतलेले. अन्नातल्या प्रथिनापासून बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, तेच या गोळीने कमी होतं. ज्यांना स्टेंट पडलाय आणि शुगरही आहे, अशा बऱ्याच जणांच्या चिठ्ठीवर दुसरं आणि तिसरं दोन्ही असतं. मग मासे खाऊनही बी-१२ खाली जातं. पायांना मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटतं, जीभ गुळगुळीत आणि लाल होते, विसरायला होतं. शुगरमुळे नसा गेल्या म्हणून हे सोडून दिलं जातं आणि वर्षं वाया जातात. कमतरता वाढून रक्त फार कमी झालं तर दम लागतो, धडधडतं, आधीच दुखावलेल्या हृदयावर ताण येतो. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांहून जास्त चालू असेल तर वर्षातून एकदा बी-१२ तपासावं, हा खर्च सार्थकी लागणारा आहे. २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर गोळी किंवा इंजेक्शन, कमतरता किती खोल आहे त्यावर. नुसतं फोलिक अ‍ॅसिड मात्र घेऊ नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

रेशनच्या तांदळात हल्ली पिवळसर, जरा वेगळे दिसणारे दाणे येतात. त्यांना 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून टाकतात किंवा धुताना वर तरंगले की ओतून देतात. ते पोषक दाणे असतात. शंभर दाण्यांमागे एक अशा प्रमाणात मिसळलेले, त्यात लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ असतं. एका किलोत बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅम पडतं, म्हणजे औषध म्हणून अगदीच थोडं, पण टाकून देण्यासारखं नक्कीच नाही.

ज्या एका व्हिटॅमिनच्या अभावी हृदय थेट कोलमडतं, त्याची कुणी जाहिरात करत नाही. ते म्हणजे बी-१, थायमिन. हे कमी पडलं तर बेरीबेरी होतो आणि त्याच्या एका प्रकारात पाय सुजतात, दम लागतो, हृदय मोठं होऊन पंप करायचं सोडतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरला दिसलं की पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की उठून चालू लागतात. त्याला १९२९ चं नोबेल मिळालं.

आपल्याकडचा उकडा तांदूळ हे त्याच प्रश्नाचं जुनं उत्तर आहे. भात भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडतात. वाफवताना कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत शिरतं, त्यामुळे कांडल्यावरही बरंचसं टिकतं. सुरय (न उकडलेला) तांदूळ पॉलिश केला की ते कोंड्याबरोबर निघून जातं. उरलेलं चार पाण्यांनी चोळून धुतल्यावर आणि भाताचं पाणी ओतून दिल्यावर. म्हणून तांदूळ एक-दोन पाण्यांतच धुवावा, आणि वेळलेलं पाणी फेकण्याऐवजी पेज करून प्यावं. आजीने सकाळी पेज दिली ती काही उगाच नव्हे.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला याचा संबंध जास्त जवळचा आहे. सूज उतरवायला जी 'लघवीची गोळी' (फ्युरोसेमाइड) देतात, ती लघवीवाटे थायमिनही काढून नेते. त्यात भूक नाही, जेवण अर्ध्यावर आलेलं आणि रोज संध्याकाळी दारूची सवय असेल तर थायमिन संपायला वेळ लागत नाही. गोळ्या नीट चालू असूनही सूज आणि दम वाढत असेल तर डॉक्टरांना दारूचं आणि जेवणाचं खरं खरं सांगा. थायमिन स्वस्त आहे, आणि कमतरता खरोखर असेल तर इंजेक्शनने फरक लवकर, कधी काही तासांत-दिवसांत दिसतो. मात्र अशा रुग्णाला दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं असेल तर पेजेची वाटी त्याच मापात धरायची. पेजेसोबत खारवलेला बांगडा किंवा खाराची मिरची ही जोडी त्याला चालत नाही. खारवलेल्या माशाच्या एका तुकड्यात दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा निघून जातो. निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतच मीठ सांगितलं आहे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात भाजी-आमटी-लोणचं सगळं आलं. थायमिन मिळवायला जाऊन मिठाने सूज वाढवायची नाही.

व्हिटॅमिन डीचं पाकीट हा सध्याचा सगळ्यात जास्त चुकणारा डोस आहे. ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, नंतर गरज असेल तर महिन्यातून एकदा, असा साधारण नियम. चूक दोन ठिकाणी होते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून १' असं घाईत लिहिलेलं असतं, बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, म्हणून हीही रोज सुरू होते. किंवा आठ आठवडे संपतात आणि 'बरं वाटतंय' म्हणून तीच आणत राहतात. शिवाय वर्षभरापूर्वी कुठेतरी सहा लाख युनिटचं इंजेक्शन टोचलेलं असतं, ते कुणाच्या लक्षात नसतं.

डी चरबीत साठतं, लघवीत जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: तोंडाला चव नाही, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, मग गोंधळलेपण आणि मूत्रपिंडावर मार. म्हातारपणाचं म्हणून घरात याकडे दुर्लक्ष होतं. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल (नावापुढे 'एच' किंवा 'सीएच' लिहिलेलं असतं), तर ती गोळी कॅल्शियम लघवीत फारसं जाऊ देत नाही, म्हणून धोका वाढतो. आणि रुग्ण डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधावर असेल तर वाढलेल्या कॅल्शियमने ठोक्यांची लय बिघडू शकते. साधा उपाय असा: डीच्या पाकिटावर स्केचपेनने तारीख लिहायची, आठ पाकिटं आठ रविवारांना वाटून ठेवायची आणि रोजच्या डब्यात ती मुळीच घालायची नाहीत. दुधातून किंवा जेवणानंतर घेतलं तर चांगलं शोषलं जातं, कारण त्याला थोडी चरबी लागते.

हृदयासाठी म्हणून डी घ्यायचं का? नाही. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोकांपैकी अर्ध्यांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट दिले, हार्ट अ‍ॅटॅक-पक्षाघातात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात तर थेट महिन्याला ६०,००० युनिट, म्हणजे आपलंच पाकीट, साठ वर्षांपुढच्या २१ हजार लोकांपैकी अर्ध्यांना पाच वर्षं दिलं. २०२३ मध्ये निकाल आला, फरक इतका थोडा की तो योगायोगानेही पडला असेल. हाडांसाठी, स्नायूंसाठी, तपासणीत २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं असेल तर डी जरूर घ्यावं. बंदरावर किंवा शेतात राबणाऱ्याला ऊन मिळतं, घरात काम करणाऱ्या बाईला किनाऱ्यावर राहूनही मिळत नाही, आणि जूनपासून चार महिने आभाळच असतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर जे आहेत त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना वॉर्फरिन किंवा असेनोकूमरॉल जन्मभर घ्यावं लागतं. ही औषधं 'के' या व्हिटॅमिनला अडवूनच काम करतात. त्यामुळे बाहेरून आलेलं व्हिटॅमिन के त्यांचा जोर कमी करतं आणि झडपेवर गुठळी धरू शकते. मल्टिविटॅमिनच्या बऱ्याच बाटल्यांत व्हिटॅमिन के असतं, २५ ते ८० मायक्रोग्रॅमपर्यंत. पालेभाजी कमी खाणाऱ्या माणसात तेवढंही आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) खाली ओढायला पुरतं. उलट व्हिटॅमिन ईच्या ४०० च्या कॅप्सूल, पायात गोळे येतात म्हणून स्वतःच सुरू केलेल्या, रक्तस्राव वाढवतात. दोन बाटल्या, दोन उलट दिशा.

कोकणात याला ऋतूचं वळण आहे. जूनमध्ये ताजी मासळी आटते आणि त्याच वेळी टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवग्याचा पाला, अळू परसातच उगवतं. मे महिन्यात भाजीला हातही न लावणारा माणूस जुलैत रोज हिरवी पालेभाजी खाऊ लागतो. गोळीचा डोस तोच राहतो, आयएनआर मात्र सरकतो. पालेभाजी बंद करणं हा त्यावर इलाज नाही, उलट पालेभाजी पूर्ण सोडलेल्याचा आयएनआर जास्त हेलकावे खातो. बारा महिने साधारण सारख्या प्रमाणात खावी: रोज अर्धी वाटी तर रोज अर्धी वाटी. आणि पावसाळा लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत एक आयएनआर करून घ्यावा. अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या गोळ्यांना व्हिटॅमिन केचा फरक पडत नाही, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. म्हणून शेजाऱ्याला चालतं ते आपल्याला चालेल असं धरू नये.

फिश ऑइलकडे येऊ. डब्यावर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ते तेलाचं वजन झालं. मागे बारीक अक्षरात पाहा: ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचं, ओमेगा-३, फक्त ३००, बाकी साधं माशाचं तेल. कधी तर हे आकडे दोन कॅप्सूलांचे असतात, 'पर सर्व्हिंग' म्हणून. बांगडा किंवा तारलीचे शंभर ग्रॅम खाल्ले तर साधारण अशा दोन-तीन कॅप्सूलांइतकं ओमेगा-३ मिळतं, ऋतूप्रमाणे कमी-जास्त. पावसानंतरची तारली तेलाने भरलेली असते, तेव्हा जास्त. शिवाय प्रथिनं, बी-१२ आणि सेलेनियम वेगळं. पापलेट-सुरमई महाग म्हणून चांगली आणि बांगडा-पेडवे स्वस्त म्हणून हलके, ही उतरंड हृदयाच्या बाबतीत उलटी आहे. आठवड्यातून दोनदा, तिखलं किंवा तिरफळं घालून केलेलं कालवण, हे उत्तम. रव्यात घोळून तेलात तळलं की माशाचं तेल थोडं बाहेर जातं आणि कढईतलं आत येतं.

कॅप्सूलचा फायदा? रोज १ ग्रॅमच्या डोसाने निरोगी माणसांत ('व्हायटल') आणि शुगरच्या रुग्णांत (२०१८ ची 'असेंड') हृदयविकार टळल्याचं दिसलं नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) घेत असलेल्या रुग्णांत शुद्ध ईपीएच्या दिवसाला ४ ग्रॅम डोसाने फायदा दिसला, पण दुसऱ्या प्रकारच्या ४ ग्रॅम तेलाने २०२० मध्ये दिसला नाही, आणि या मोठ्या डोसांनी हृदयाची लय अनियमित होण्याचं प्रमाण वाढलं. हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचं औषध आहे. गणपतीत भेट द्यायची वस्तू ती नव्हे.

सगळ्यात मोठा घात होतो तो बाटली घेऊन स्टॅटिन सोडल्याने. 'इंग्रजी गोळ्या किती खायच्या, त्यापेक्षा लसूण-हळदीच्या कॅप्सूल बऱ्या.' २०२२ मध्ये याचीच सरळ तुलना झाली: १९० लोक, २८ दिवस. रोजूव्हास्टॅटिनच्या अगदी लहान, ५ मिलिग्रॅमच्या गोळीने वाईट कोलेस्टेरॉल ३८ टक्क्यांच्या आसपास उतरलं. फिश ऑइल, लसूण, दालचिनी, हळद, वनस्पती स्टेरॉल, रेड यीस्ट राइस यांच्यापैकी एकाचाही परिणाम पोकळ गोळीपेक्षा ठळक नव्हता. स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, अ‍ॅस्पिरिन तर स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाहीत. स्टेंट बंद पडायला तेवढं कारण पुरतं. महिन्याच्या औषधांचे पैसे कमी पडत असतील तर आधी बाटली बंद करा, आणि डॉक्टरांकडे जेनेरिक मागा.

शहाळ्याचंही इथेच सांगतो, कारण 'नैसर्गिक ताकद' म्हणून तेही रोज दिलं जातं. एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. टेल्मिसार्टन-रामिप्रिलसारखी बीपीची गोळी, सोबत स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी आणि मूत्रपिंड थोडं कमजोर, अशा माणसाला रोजची दोन शहाळी पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर नेऊ शकतात. कमी सोडियमच्या 'लो' मिठातही पोटॅशियमच असतं.

बाटली घेतलीच असेल, किंवा डॉक्टरांनीच सांगितली असेल, तर ती ठेवायची कशी? एप्रिल-मेच्या उकाड्यात मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. पावसाळ्याच्या ओलाव्यात गोळ्यांवर तपकिरी ठिपके येतात, वरचं साखरेचं आवरण तडकतं, आतली सी, बी-१, फोलिक अ‍ॅसिड ही व्हिटॅमिनं उतरत जातात. म्हणून किनाऱ्यावर मोठ्या बाटलीपेक्षा दहा-दहाची पन्नी असलेली पाकिटं बरी. बाटलीच असेल तर आतली सिलिकाची पुडी टाकून देऊ नका. चुलीवरची फळी, फ्रिजचा माथा, खिडकीची चौकट या तिन्ही जागा वाईट. गोळ्या आठवडाभराच्या डब्यात भरायच्या तर एका आठवड्यापुरत्याच. फिश ऑइलची कॅप्सूल महिन्यातून एकदा सुईने टोचून वास घ्या. माशाचा वास चालेल, खवट, ऑइलपेंटसारखा किंवा जुन्या तेलाचा वास आला तर सगळी बाटली टाका.

पाकिटावर आणखी एक गोष्ट पाहायची. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर औषध परवान्याचा क्रमांक असतो. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ छापलेली असते. ती ओळ वडिलांना मोठ्याने वाचून दाखवा. 'हार्ट'चं चित्र त्याच्या बरोबर वरच असतं.

आणि बायोटिन. केस गळतात म्हणून घरातली कुणीतरी घेत असते, कधी आईही. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास, केसांच्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅमही असतात. काही यंत्रांवर ट्रोपोनिनची, म्हणजे हार्ट अ‍ॅटॅक ओळखायची रक्ताची तपासणी बायोटिनच्या चिकटण्यावरच आधारलेली असते. रक्तात ते भरपूर असलं की हार्ट अ‍ॅटॅक असूनही आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. थायरॉइडचे आकडेही त्याने चुकतात. ठरवून करायच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस ही गोळी थांबवता येते. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलं तर तेवढा वेळ नसतो.

तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण वाडीवरून ग्रामीण रुग्णालय आणि तिथून जिल्ह्याला, कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला जाण्यात तास जातात. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम: गॅसची गोळी देऊन वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा, माणसाला बसवून ठेवायचं. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, पोटात रक्तस्राव झालेला नसेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल तर साधारण ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायची. फोनवर डॉक्टर असतील तर त्यांना विचारून. गाडी येईपर्यंत घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरायच्या: बीपीच्या, शुगरच्या, आयएनआरची वही, डीची पाकिटं, मुंबईहून आलेली बाटली, केसांची गोळीसुद्धा. डॉक्टरांनी 'आणखी काही घेता का?' असं विचारलं की 'काही नाही, ताकदीच्या गोळ्या फक्त' असं सांगू नका. पिशवी उघडून टेबलावर ठेवा आणि बायोटिनचं नाव घ्या, म्हणजे ते नुसत्या एका ट्रोपोनिनवर न थांबता ईसीजी पुन्हा काढतील आणि काही तासांनी रक्त परत तपासतील.